सातव्या बरणीची वही

चौगुले सरांनी आयुष्यात किडा मारला नाही.
दिवेलागणीच्या आत जेवणाऱ्या घरातला माणूस,
आणि बारा वर्षं पिठातले तांबडे भुंगेरे मोजत बसला.
दर दुसऱ्या सोमवारी, विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत
चाळण, पांढरा कागद, मोरपिसाची एक दशी.
मोजून झाले की त्याच बरणीत परत,
गणपती पेठेतल्या गिरणीचं वीस ग्रॅम पीठ घालून.

तेरा बरण्यांपैकी बारा एकेक करून गप्प झाल्या.
सातवी चालत राहिली.
एक्केचाळीस. एकशे सत्त्याऐंशी. बावीस.
शहाण्णव. दोनशे तीन. नऊ.

मला संख्याशास्त्र येतं म्हणून वही माझ्याकडे आली,
पिशवीत, बेदाण्याच्या पुडीसकट.
"बघा ताई, यात काही आहे,
का नुसतंच वर-खाली?"

आधी गोंगाट कुठून शिरला ते लिहून काढलं.
चाळणीचं एक भोक मोठं.
मे महिन्यात भारनियमन, पंखा बंद.
सरांचा मोतीबिंदू; शेवटच्या पानांवर
तिनाचा आठ झालाय की आठाचा तीन, देव जाणे.
शिवाय दस्तगीर शिपायाचं अक्षर.

मग आजचा आकडा आडवा, पुढच्या खेपेचा उभा.
ठिपका. पुन्हा ठिपका.
दोनशेच्या आसपास कागदावर काहीतरी उठायला लागलं,
खिलाराच्या पाठीवर वशिंड असतं तसं,
कडा पुसट, पण वशिंडच.

बरणीत गर्दी झाली की आया आपलीच अंडी खातात.
फार खाल्ली की पुढच्या खेपेला बरणी ओस.
ओस पडली की कुणी कुणाला सापडत नाही, अंडी वाचतात.
एवढाच नियम.

तरी विश्वास बसेना.
तेच आकडे पत्त्यांसारखे पिसले, नव्याण्णव वेळा;
वशिंड एकदाही उठलं नाही.
म्हणजे क्रमाला अर्थ होता. पण क्रमाला अर्थ
बसच्या वेळापत्रकातही असतो.
म्हणून जुळी शोधली:
एका श्रावणात शहाण्णव, तिसऱ्या वर्षी पौषात सत्त्याण्णव.
तीन खेपा दोघी हातात हात घालून चालल्या,
चौथीला एक कुपवाडला, एक हरिपूरला.
अशी जुळी अकरा मिळाली.
आठ याच रीतीनं फुटली. तीन फुटली नाहीत.

चार ठिपके मात्र वशिंडाबाहेर, हवेत.
तारखा पाहिल्या: ऑगस्ट, सप्टेंबर, दोन हजार एकोणीस.
कृष्णा गावात. सर कोल्हापूरला मुलीकडे अडकलेले.
दस्तगीरचं खणभागातलं घर माळ्यापर्यंत पाण्यात.
आकडे होते: शंभर, एकशे पाच, एकशे दहा, एकशे बारा.

मिरजेला त्याच्या नातवाच्या दुकानात गेले. तो हसला नाही.
"रकाना मोकळा बघवंना मॅडम.
सर आले की आधी वहीच उघडनार.
म्हणून टाकले. बेतानं, जरा जरा वाढवत."
चांगल्या माणसाचा खोटा आकडा असाच असतो,
किड्यांना न शोभणारा, समजूतदार.

सरांना सांगितलं, ठाम म्हणता येणार नाही.
तीनशे आकडे थोडे आहेत, गोंगाट फार आहे.
पण नुसतं वर-खाली नाही. नियम आहे,
आणि तो नियमच तिसऱ्या खेपेपलीकडचं दिसू देत नाही.
सर पट्टी बांधलेल्या डोळ्यानं खिडकीकडे बघत होते.
"म्हणजे गोंगाटात गोंधळ चाललाय," म्हणाले.
"संबळ वाजतोय, आपल्याला नीट ऐकू येत नाही इतकंच."
मग, जरा वेळानं, "शेवटचा आकडा किती होता?"
एकशे नव्वद.
"मग आता पडतील."
आकृती मी अजून पिशवीतून काढलीही नव्हती.

दस्तगीरचं नाव मी घेतलं नाही.
हिशेबातून ते चार आकडे वगळले,
वहीतून खोडले नाहीत.
शिसपेन्सिलीनं बारीक गोल केलाय भोवती,
आणि समासात लिहिलंय: पूर.